ॲझोला-वाफ्याचा तयार संच : वाढ चोख, ओळख कच्ची

जनावरांच्या खुराकाला जोड म्हणून ॲझोला ही पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती वाढवण्याचे तयार संच आता घरपोच मिळतात. १२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि १ फूट खोल असा जाड एचडीपीई कापडाचा वाफा, त्यावर ताणायची हिरवी शेडनेट, सिंगल सुपर फॉस्फेटची पुडी, भोके पाडलेल्या पिशवीत किलोभर जिवंत ॲझोला आणि छोटी मराठी माहितीपुस्तिका, असा एका ऑनलाइन विक्रेत्याचा संच मी पावसाळा सरल्यावर मागवला आणि घरच्या गोठ्यामागे मांडला. गोठ्यात दोन दुभत्या गाई आहेत, अंगणात काही गावठी कोंबड्या आहेत. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे या परीक्षणात कापडापेक्षा वनस्पतीविषयी अधिक लिहिले जाणार आहे. त्याला कारणही आहे. या संचातली बाकी प्रत्येक वस्तू तालुक्याच्या बाजारात सुटी मिळते. पैसे मोजायचे ते त्या किलोभर जिवंत मालासाठी, आणि नेमका तो माल कोणता आहे याचा पत्ता विक्रेत्यालाच नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. कापड जाड आहे, शिवण पक्की आहे, पाणी सोडण्यासाठी तळाशी बसवलेली तोटी गळत नाही. कडेच्या कड्या मात्र लोखंडी असून त्यांना लवकरच गंज चढला. कोकणच्या हवेत पितळी कड्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शेडनेट मापाला पुरते. सुपर फॉस्फेटची पुडी अगदीच नावापुरती आहे आणि ती संपली की दुकान गाठावे लागतेच. या भागाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही, तसे कौतुक करण्यासारखेही फारसे नाही.

जिवंत माल पोहोचला तेव्हा ताजा होता. पिशवी उघडल्यावर कुजका वास आला नाही; कडेची काही रोपे तांबूस झाली होती, पण ॲझोलाला ऊन, थंडी किंवा स्फुरदाची टंचाई सोसावी लागली की त्याच्या पानांत लाल रंगद्रव्य साठते, त्यामुळे प्रवासातून आलेल्या मालाचा थोडा तांबूसपणा खपवून घेण्यासारखा आहे. पाण्यात सोडल्यावर रोपे आपोआप सुलटी झाली आणि पुढे पसरत गेली. पुस्तिकेतल्या कृतीप्रमाणे तळाशी चाळलेली माती, तिच्यावर शेणकाला आणि सुपर फॉस्फेट, मग चार बोटे पाणी, असे केल्यावर वाफा दोन आठवड्यांच्या आत झाकला गेला. अनुकूल हवेत ॲझोलाचे वजन तीन ते पाच दिवसांत दुप्पट होते, हे पुस्तिकेतले विधान बरोबर आहे आणि माझ्या वाफ्यातही वाढ साधारण त्याच चालीने झाली. केवळ हिरवा माल किती निघतो एवढेच पाहायचे असेल, तर या संचाला पूर्ण गुण द्यायला माझी हरकत नाही.

अडचण पुस्तिकेच्या पहिल्याच पानापासून सुरू होते. तिथे ॲझोलाला ‘पाण्यावर वाढणारे पौष्टिक शेवाळ’ म्हटले आहे. ॲझोला शेवाळ नाही, ते नेचे आहे. त्याला खोड आहे, मूळ आहे, पान आहे आणि पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्याही आहेत. साल्व्हिनिएसी नावाच्या ज्या कुलात ते मोडते, ते कुल अगदी लहान आहे. जगात नेच्यांच्या साडेदहा हजारांच्या आसपास जाती असताना या कुलाच्या वाट्याला वीस-एकवीस जाती आल्या आहेत आणि त्या ॲझोला व साल्व्हिनिया या दोनच प्रजातींत विभागल्या आहेत. जुन्या पाठ्यपुस्तकांत ॲझोलासाठी ॲझोलेसी असे स्वतंत्र कुल मानलेले आढळते, आणि आमच्या पिढीने परीक्षेत तेच लिहिले. २०१६ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून नेच्यांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात मात्र दोन्ही प्रजाती एकाच कुलात ठेवलेल्या आहेत. पुस्तिकेत एका ठिकाणी ‘कुल : ॲझोलेसी’ असे छापले आहे, ते जुन्या मताला धरून आहे आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र एकाच पुस्तिकेत एका पानावर शेवाळ आणि दुसऱ्या पानावर नेच्याचे कुल, हे कसे जमले ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

या दोन प्रजातींना एकत्र आणणारी गोष्ट त्यांच्या दिसण्यात नाही, पुनरुत्पादनात आहे. आपल्या डोंगरातल्या बहुतेक नेच्यांच्या पानाखाली तपकिरी ठिपक्यांत एकाच प्रकारचे बीजाणू असतात. साल्व्हिनिएसी आणि तिचे जवळचे कुल मार्सिलिएसी, म्हणजे भातखाचरांच्या बांधाला चार पानांची जी मार्सिलिया उगवते तिचे कुल, या दोहोंत मात्र बीजाणू दोन प्रकारचे असतात : मोठे गुरुबीजाणू आणि बारीक लघुबीजाणू, आणि ते बीजाणुफळ नावाच्या बंद डबीत तयार होतात. ॲझोलात लघुबीजाणू सुटे पडत नाहीत. फेसासारख्या गोळ्यांत रुतलेले असे ते बाहेर येतात. अमेरिकेकडच्या जातींत त्या गोळ्यांवर गळासारखे आकडे असतात आणि गुरुबीजाणूच्या टोकाला तीन तरंगक असतात. आपल्याकडच्या ॲझोला पिनाटामध्ये असे गळ नसतात आणि तरंगक नऊ असतात. प्रजातीचे दोन विभाग पाडण्यासाठी अभ्यासक ही खूण वापरतात. शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही, कारण वाफ्यातला ॲझोला सहसा बीजाणुफळे धरत नाही, तो फांद्या तुटून तुटून वाढतो. म्हणूनच पुस्तिकेतले ‘बियांपासून नवीन रोप तयार होते’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी लंगडे आहे : नेच्याला बी नसतेच, आणि वाफ्यातली वाढ बीजाणूंपासूनही होत नाही.

आता पिशवीवरच्या चिठ्ठीकडे येतो. तिच्यावर ‘देशी ॲझोला पिनाटा, शंभर टक्के शुद्ध’ असे छापले होते. ॲझोला पिनाटा ही खरोखरच आपल्याकडची जाती आहे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला १८१० साली नाव दिले आणि आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या तिन्ही खंडांत ती निसर्गतः आढळते. ती ओळखणे कठीण नाही. तिचे रोप वरून पाहिले तर त्रिकोणी दिसते, मधल्या खोडाच्या दोन्ही अंगांना फांद्या पिसासारख्या नियमाने फुटतात आणि टोकाकडे लहान होत जातात. पाण्यात लोंबणाऱ्या मुळांवर बारीक केसांची दाट झालर असल्यामुळे मूळही पिसासारखे दिसते. माझ्या घमेल्यातली रोपे अशी नव्हती. त्यांचा आकार गोलसर होता, फांद्या दुभागत गेल्यासारख्या होत्या आणि मुळे साधी, दोऱ्यासारखी होती. एक पान सुईने सोडवून महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा पानाच्या वरच्या पाळीवरचे बारीक उंचवटे दोन पेशींचे दिसले. उंचवटे बहुतांशी एकपेशी असते तर ॲझोला फिलिक्युलॉइडिस ही दुसरी अमेरिकी जाती मानता आली असती. दोन पेशींच्या उंचवट्यांवरून हा माल अमेरिकी जातींच्या त्या गटातला ठरतो, ज्याला बाजारात मायक्रोफायला म्हणतात. या गटातल्या मायक्रोफायला, मेक्सिकाना आणि कॅरोलिनियाना या वेगळ्या जाती नसून क्रिस्टाटा या एकाच जातीची रूपे आहेत, असे मत २००४ साली मांडले गेले आणि बऱ्याच अभ्यासकांनी ते स्वीकारले आहे. मत कोणतेही धरा, पिनाटा हे नाव त्यात बसत नाही.

गाईला याने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. गाईला फारसा पडत नाही. वाफ्याला पडतो. फिलिक्युलॉइडिस थंडी उत्तम सोसते आणि उन्हाळ्यात मान टाकते. मायक्रोफायला आणि पिनाटा उष्ण हवेत बऱ्यापैकी तग धरतात, तरी पाणी ३५ अंशांपलीकडे तापू लागले की त्याही मंदावतात. विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्याने असाच संच मागवला आणि पिनाटाच्या चिठ्ठीखाली त्याला फिलिक्युलॉइडिस मिळाली, तर एप्रिलमध्ये वाफा का बसला हे त्याला कधीच कळणार नाही. तो शेणाला दोष देईल, नाहीतर पाण्याला. माझ्या सुदैवाने चुकीच्या चिठ्ठीखाली आलेला माल आमच्या हवेला मानवणारा निघाला. पण परदेशी जाती ‘देशी’ म्हणून विकणे ही साधी छपाईची चूक नव्हे. दक्षिण आफ्रिकेत अमेरिकेहून आलेल्या फिलिक्युलॉइडिसने तलाव आणि बंधारे इतके भरून टाकले होते, की १९९७ साली तिच्यावर एक भुंगा सोडून तिला आवरावे लागले. उघड्या ओढ्याच्या काठी वाफा करणाऱ्याला आपण पाण्यात काय सोडतो आहोत हे माहीत असायला हवे.

याहून मोठी तक्रार पुढे आहे. ॲझोला पाण्यात पसरल्यावर त्यात लेम्ना या बारीक पाणवनस्पतीची हिरवी टिकल्यांसारखी पाने दिसली. ती निरुपद्रवी असतात, कोंबड्या तीही खातात. पण त्यांच्यासोबत नखाएवढी, दोन-दोनच्या जोडीने तरंगणारी, खरबरीत पानेही होती. एक रोप उचलून पाहिले. वर दोन पाने, खाली मुळांसारखा तपकिरी केसाळ झुपका. पण तो झुपका मुळांचा नसून तिसरे पान आहे, कारण साल्व्हिनियाला मुळे मुळीच नसतात आणि पाण्यातले ते पान चिरत जाऊन मुळाचे काम करते. वरच्या पानावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा घरंगळून गेला. भिंगाखाली पानावरचे केस नीट दिसले : प्रत्येक उंचवट्यावर चार केस फुटलेले आणि चौघांची टोके वर पुन्हा एकत्र जुळलेली. साल्व्हिनियाच्या काही जातींत ही टोके मोकळी असतात. ती अशी जुळलेली असली, की आपल्याकडे तरी एकाच जातीचा संशय घ्यायचा, आणि ती जाती म्हणजे साल्व्हिनिया मोलेस्टा.

कुल एकच असले तरी भाऊबंदांच्या चालचलणुकीत एवढे अंतर क्वचितच असेल. साल्व्हिनिया मोलेस्टा ही केरळात आफ्रिकन पायल म्हणून कुप्रसिद्ध आहे. तिथल्या कालव्यांत आणि भातशेतीत तिचे थर साचून नावा चालेनाशा झाल्या होत्या. नाव आफ्रिकन पडले असले तरी तिचे मूळ ब्राझीलच्या आग्नेय भागात आहे. तिला पाच गुणसूत्रसंच आहेत, त्यामुळे तिचे बीजाणू वांझ असतात आणि ती केवळ तुकड्यांनी वाढते. तरी चांगल्या हवेत काही दिवसांत दुप्पट होण्याची तिची ताकद आहे, आणि म्हणूनच किलोभर ॲझोलात तिची चार रोपेही पुरेशी आहेत.

जातीची ओळख कशाला पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर या वनस्पतीच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे मिळणार नाही. बरीच वर्षे तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजले जात होते. तिला खाणारे कीटक शोधायचे ठरले तेव्हा साहजिकच ऑरिक्युलाटा जिथे वाढते त्या त्रिनिदादसारख्या ठिकाणांहून कीटक गोळा केले गेले आणि ठिकठिकाणी सोडले गेले; त्यांनी म्हणण्यासारखे काही केले नाही. १९७२ साली डी. एस. मिचेल यांनी ही वेगळी जाती असल्याचे दाखवून तिला मोलेस्टा हे नाव दिले. मग तिचे खरे माहेर शोधणे सुरू झाले आणि १९७८ मध्ये ते ब्राझीलमध्ये सापडले. तिथून आणलेला भुंगा १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, आणि वर्ष-सव्वा वर्षात तो तलाव मोकळा झाला. गंमत अशी, की हा भुंगाही आधी माहीत असलेल्या भुंग्याची जाती समजला गेला होता. तो निराळा असल्याचे १९८५ साली निश्चित झाले आणि त्याला सर्टोबेगस साल्व्हिनी हे नाव मिळाले. पुढे हाच भुंगा भारतात केरळच्या पाण्यातही सोडण्यात आला आणि तिथेही तण हटले. पानावरच्या केसांची टोके जुळलेली आहेत की मोकळी, असल्या बारकाव्यांवर हे सारे अवलंबून होते.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह लिहिले. उत्तर तत्परतेने आले, भाषाही आदराची होती. ‘सर, तेही ॲझोलाच आहे, मोठ्या पानांचा’ असे त्यात म्हटले होते आणि हवे असल्यास दुसरी पिशवी विनाशुल्क पाठवतो, असा प्रस्ताव होता. ग्राहकसेवा म्हणून याला नावे ठेवता येणार नाहीत. पण ज्याच्या टाकीत साल्व्हिनिया वाढते आहे आणि ज्याला ती मोठ्या पानांचा ॲझोला वाटते, त्याच्याकडून येणाऱ्या दुसऱ्या पिशवीतही तीच निघणार, म्हणून मी ती मागवली नाही. सगळी रोपे हाताने वेचून उन्हात वाळवली आणि जाळली. ज्या कोणी असा संच घेतला असेल त्यांनी पहिला आठवडा रोज वाफा निरखावा आणि जोडीने तरंगणारे खरबरीत पान दिसले की लगेच काढावे. ते ओढ्यात किंवा विहिरीत फेकू नये.

पुस्तिकेतला खाद्याचा भागही तपासून पाहण्यासारखा आहे. ‘ॲझोला हवेतील नत्र शोषून प्रथिने बनवतो’ असे लिहिले आहे. नत्र ॲझोला स्वतः धरत नाही. त्याचे प्रत्येक पान दुपाळी असते. खालची पाळी पातळ, जवळजवळ रंगहीन असून पाण्यावर टेकलेली, आणि वरची हिरवी पाळी जाड असून तिच्या पोटात एक पोकळी असते. त्या पोकळीत नॉस्टॉक ॲझोली हे नील-हरित जीवाणू राहतात आणि नत्र स्थिर करण्याचे काम ते करतात. पान चिमटीने दाबून काचपट्टीवर पसरले की मण्यांच्या माळा दिसतात, आणि त्यांत मधूनमधून जाड भिंतीचे, फिकट मणी दिसतात. नत्र धरणाऱ्या पेशी त्याच. हा भाडेकरू नेच्याच्या बीजाणुफळातूनच पुढच्या पिढीत जातो. २०१० साली त्याच्या जनुकसंचाचे वाचन झाले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जनुके निकामी झालेली आढळली, म्हणजे घर सोडून स्वतंत्र राहण्याची त्याची क्षमता गेलेली आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की वाफ्यात युरिया घालण्याची गरज नाही, गरज आहे ती स्फुरदाची. दर पाच दिवसांनी सुपर फॉस्फेट आणि शेण घालण्याची पुस्तिकेतली सूचना त्यामुळे योग्य आहे. तिचे कारण मात्र तिथे कुठेच दिलेले नाही. ही पद्धत मुळात कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नार्डेप या प्रकल्पाने रुळवलेल्या पद्धतीसारखीच आहे आणि पुस्तिकेत तिचा उल्लेख असता तर शोभला असता.

प्रथिनांचा आकडा तर सरळ दिशाभूल करणारा आहे. ‘२५ टक्के प्रथिने, आंबोण निम्मे करा’ असे मलपृष्ठावर ठळक छापले आहे. ॲझोलात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ती वाळलेल्या वजनावर. ताज्या ॲझोलात ९३-९४ टक्के पाणी असते. एक किलो ताजा ॲझोला म्हणजे जेमतेम ६० ग्रॅम कोरडा माल, आणि त्यात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने. गाईला रोज दोन किलो घातला तरी २६ ग्रॅम प्रथिने मिळतात. सरकी पेंडीतून तेवढी मिळवायला सव्वाशे ग्रॅमही पेंड लागत नाही. खनिजे आणि पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांमुळे ॲझोलाचा जो फायदा होतो तो वेगळा, कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक गडद झालेला मी स्वतः पाहिला. पण या एका वाफ्याच्या जोरावर आंबोण निम्मे केले तर दूध घटेल, आणि शेतकरी ॲझोलालाच वाईट म्हणेल. गाईंनी पहिले काही दिवस नाक मुरडले. धुऊन, पेंडीत मिसळून दिल्यावर खाऊ लागल्या. धुण्याची सूचना पुस्तिकेत आहे आणि ती पाळलीच पाहिजे, नाहीतर शेणाच्या वासाने जनावर तोंड लावत नाही.

कापड, जाळी आणि वाढीचा वेग यांसाठी मी या संचाला पाचपैकी तीन गुण देतो. जिवंत मालाच्या शुद्धतेसाठी एक आणि पुस्तिकेसाठी दीड, तोही कृती नीट दिल्याबद्दल. ज्यांना वाफाच हवा आहे त्यांनी नुसते कापड घ्यावे, हा विक्रेता ते वेगळेही देतो. ॲझोला मात्र जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून किंवा ज्याचा वाफा आपण डोळ्यांनी पाहिला आहे अशा शेजाऱ्याकडून आणावा. तिथेही जाती कोणती हे विचारावे, आणि घमेल्यात घेण्याआधी मूठभर रोपे पांढऱ्या ताटलीत पाण्यावर पसरून जोडपानाचे रोप आत आहे का ते पाहून घ्यावे.